टेकडीवर ऐकलेलं

सकाळी साडेआठ वाजता शुभांगीने वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. १९७१च्या युद्धातल्या हेरगिरीची काही गुप्त कागदपत्रं सरकारने खुली केली होती. त्यांत उरवड्याच्या जयसिंगांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं नाव होतं. गावामागच्या टेकडीवर बसून त्यांनी शत्रूच्या जहाजांचे बिनतारी संदेश ऐकले आणि आपल्या नौदलाला कळवले, असं बातमीत होतं. साल २००९. जयसिंगांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

ही बातमी मी भिंतीच्या खिळ्यावरून ऐकली. मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. त्या टेकडीवर जयसिंगांच्या कानांवर मीच होतो.

माझा जन्म बंगळूरच्या एका कारखान्यात झाला. जयसिंग सैन्यात संदेशवहनाच्या कामावर होते, तिथे मी त्यांना भेटलो. माझ्यातून अगदी बारीक आवाजही स्वच्छ येतो, असं ते कौतुकाने सांगत. नोकरी संपवून ते गावी आले. युद्धाच्या तोंडावर एका अधिकाऱ्याने त्यांना रेडिओची एक पेटी आणि मला सोपवलं. अट एकच होती. घरातही बोलायचं नाही.

दिवस मावळला की ते पेटी घेऊन टेकडी चढत. माझ्या आत टिकटिक होई. तिचा अर्थ त्यांना कळे, मला नाही. बाजूला बसलेल्याला तर काहीच ऐकू जात नसे, कारण मी एका वेळी एकाच माणसाशी बोलतो. स्पीकर असतो, तर कदाचित पुढचं टळलं असतं.

एका संध्याकाळी पोलीस आले आणि त्यांना घेऊन गेले. चार दिवसांनी वरून निरोप आला आणि त्यांना सोडलं. नेताना गावाने पाहिलं. का सोडलं, ते कोणी सांगितलं नाही. भैरवनाथाच्या जत्रेत पहिला नारळ फोडायचा मान त्यांच्या घराचा होता. तो त्या वर्षी त्यांचे मित्र नरहरी यांच्या घरी गेला. पुढे शाळेत शुभांगीला पोरं ‘हेराची पोर’ म्हणत.

पत्नी गोजराबाईंनी एकदाच विचारलं होतं, “तुमी कुणासाठी ऐकता?”

“ते इचारू नगंस,” जयसिंग म्हणाले. गोजराबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

१९९८ला जयसिंग गेले. शुभांगीच्या सोयरिकीसाठी माण गावची मंडळी येणार होती. त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून गोजराबाईंनी पेटी भंगारवाल्याला दिली. मला त्याने परत फेकलं. “ह्यात तांबं न्हाई, मावशी.” तेव्हापासून मी खिळ्यावर आहे. घरातल्या दोन खोल्या भाड्याने दिल्या आहेत, तिथली मुलं मला गळ्यात घालून डॉक्टर-डॉक्टर खेळतात.

बातमीनंतर पुण्याच्या एका संग्रहालयातून फोन आला. त्यांना ती पेटी हवी होती. गोजराबाईंनी फोन शुभांगीच्या हातात दिला.

दोन दिवसांनी नरहरी काठी टेकत दारात आले. हातात नारळ होता.

“वहिनी, हायसा का?”

“या भावजी. घावली व्हय वाट?”

नरहरी ओट्यावर बसले. “ठाण्यावर मीच गेलतो. जयसिंग दुश्मनाला खबर देतोय म्हून मीच सांगितलं.”

“ठावं हाय. गावाला ठावं हाय.”

“औंदा पहिला नारळ तुमच्या घरचा. शुभांगी फोडंल. चौकात फ्लेक्सबी लावतोय.”

“फ्लेक्सवर फोटू कुणाचा? ह्यांचा का तुमच्या नातवाचा?”

“जयसिंगचाच मोटा हाय. नातवाचा कोपऱ्यात.”

“कोपऱ्यात का हुईना, हायच.”

नरहरींना हसू आलं. ते त्यांनी लगेच आवरलं. गोजराबाईंनी नारळाला हात लावला नाही.

“भावजी, तुमी येकदाच ठाण्यावर गेला. मी रोज त्येंच्या ताटाम्होरं बसून मनात त्येच म्हणत हुते. पेटी कुणी इकली? मीच. मान घ्याया मला तोंड न्हाई.”

“त्यानं सांगितलं असतं तर...”

“म्या येकदाच इचारलं. नवऱ्याला येकदाच इचारत्यात व्हय?”

शुभांगी चौकटीत उभी होती. “आई, आबांसाठी नको घेऊस. माझ्यासाठी घे. मला तो फोडायचाय, सगळ्यांसमोर.”

गोजराबाई उठून आत गेल्या. नरहरी नारळ ओट्यावर ठेवून निघून गेले.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. जुनी वस्तू घराबाहेर काढण्याआधी ती कोणासाठी राबली, ते विचारा. आणि एकदा उत्तर मिळालं नाही, तर पुन्हा विचारा. मी सगळं ऐकलं होतं, पण मला कोणी विचारलं नाही, आणि मला आपण होऊन बोलता येत नाही. या भिंतीवर लटकताना हे मला फार टोचत आलं आहे.

उद्या जत्रा आहे. आज संध्याकाळपर्यंतची खबर एवढीच: नारळ अजून ओट्यावर आहे. शुभांगी पायरीवर बसली आहे. गोजराबाईंनी मला खिळ्यावरून काढलं, पदराने पुसलं आणि मांडीवर घेतलं आहे. कानांना अजून लावलेलं नाही.