दीपे, पानी आन

"खाली उतर, दीपे. बाईमानसाचं काम न्हाई हे," ट्रकच्या फाळक्याला धरून भीमराज ओरडला. जयंती मंडळाचा अध्यक्ष तो, आणि नात्यानं दीपाचा चुलता.

दीपा उतरली नाही. लॅपटॉप छातीशी धरून स्पीकरांच्या भिंतीपुढं उभी राहिली. चौदा एप्रिलचं ऊन कलायला लागलं होतं. विहारासमोर पोरं निळीत न्हाऊन मिरवणुकीची वाट बघत होती.

"काका, गाणं माझं हाय. मीच वाजवनार."

"हिचं गाणं!" मिक्सरमागं गॉगल लावून बसलेला डीजे अमृत हसला. ट्रक त्याचा, साउंड त्याचा, माजही त्याचाच. "पंपावर पेट्रोल सोडती ना गं तू? जा, गिऱ्हाईक खोळंबलं आसंल."

सोडायचीच ती पेट्रोल, नेवाशाच्या रस्त्यावरच्या पंपावर. आणि घरी आली की हेडफोन चढवून गाणी बांधायची. मोबाईलवर बघून शिकलेली; गुरू नाही, क्लास नाही. मागच्या उन्हाळ्यात कांदे काढताना आई गात होती, ते तिनं गुपचूप रेकॉर्ड केलं. त्याखाली ठेका घातला, बेस घातला. मधेच आईनं गाणं थांबवून हाक मारली होती, "दीपे, पानी आन गं!" ती हाक तिनं तशीच ठेवली. तिथं सगळं बंद. हाक. एक श्वास शांतता. आणि मग बेस असा कोसळायचा की छातीचा पिंजरा हलायचा.

एकदा वाजवून बघा म्हणून तिनं ते अमृतला पेनड्राईव्हवर नेऊन दिलं. त्यानं वाजवलं. पुढं 'अमृत इन द मिक्स' चिकटवलं आणि जिल्हाभर वाजवलं. आळशी इतका, की ती हाकसुद्धा कापली नाही. त्याला वाटलं, गंमत आहे. कोपरगावपासून श्रीरामपूरपर्यंत हळदीत, वरातीत पोरं हात वर करून एका सुरात ओरडायला लागली, "दीपे, पानी आन!" पंपावर येणाऱ्या गाड्यांवरही तेच. दीपा नळी धरून ऐकायची आणि राग गिळायची.

डीजे म्हणजे धिंगाणा म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना यातलं काही कळायचं नाही. आणि कळत होतं त्यांना बोलायचं नव्हतं. आपल्याकडं चोराला चोर म्हणायलाही मंडळाची मीटिंग लागते.

"फुडच्या वर्षी बघू की गं," भीमराज नरमला. "आज नगं. लोक बघत्यात."

"लोकांसमोरच इचारते." दीपानं माईक उचलला. "अमृतभाऊ, गान्यातली बाई कोन हाय?"

अमृतनं दुसरा माईक ओढला. "बाई कुठली? सॉफ्टवेअरमधला आवाज हाय त्यो."

"सॉफ्टवेअरला तहान लागती व्हय?"

पोरं खदाखदा हसली. अमृतचा चेहरा उतरला. "पुरावा दे! कुनीबी उठंल आन् माझं म्हनंल!"

"म्या दिऊ का पुरावा?"

आवाज विहाराच्या ओट्यावरून आला. बायकांच्या घोळक्यातून दीपाची आई भागिरथी पुढं झाली. रोजंदारीवर राबणारी, माईक कधी हातात न धरलेली. आई अडखळली तर उद्यापासून गाव दोघींना हसणार होतं.

"वहिनी, तुमी कशाला मधी..." भीमराज म्हणाला.

"भावजी, बाजूला व्हा."

दीपानं हात देऊन आईला वर ओढलं. भागिरथीनं माईक तोंडापासून हातभर लांब धरला, जसा विळा धरावा. डोळे मिटले.

"निळ्या गं झेंड्याखाली उभी माझी लेक बाई,
तिच्या गं डोळ्यांपुढं आता कुनी मोठं न्हाई..."

वर्षभर ही गर्दी ज्या आवाजावर नाचली, तो आवाज समोर उभा होता. कांद्यानं भेगाळलेल्या हातांचा, फाटक्या टाचांचा. कडवं संपलं. भागिरथीनं डोळे उघडले आणि शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल अशी हाक दिली,

"दीपे, पानी आन गं!"

पोरं सवयीनं ओरडायला गेली आणि ओरडता ओरडता थांबली. सगळ्यांच्या माना दीपाकडं वळल्या.

"आयला," पुढचा एक जण म्हणाला, "दीपी तर हीच हाय की!"

"मी गाडी घेऊन चाललो!" अमृत किंचाळला. पुढची पोरं ट्रकसमोर मांडी घालून बसली. मागची बसली. मग सगळा रस्ताच बसला.

भीमराजनं एकदा वहिनीकडं पाहिलं, एकदा रस्त्याकडं. "ऊठ रं अमृत," तो म्हणाला. "पोरीला बसू दे."

दीपानं वायर जोडली. पहिला ठोका पडला. गाणं चढत गेलं. हाक आली, श्वास आला आणि बेस कोसळला. विहाराचे पत्रे थरारले. नेहमी ओट्यावरून बघणाऱ्या बायका पदर खोचून रस्त्यावर आल्या आणि पोरांनी सरकून त्यांना जागा दिली. भागिरथी ट्रकवरच नाचत होती, हातातला माईक चालू आहे हे विसरून, आणि तिचं धापा टाकत हसणं सगळ्या गावाला ऐकू जात होतं.

ट्रक हलला. वेशीपाशी विजेच्या तारा खाली लोंबत होत्या.

"तारा आडव्या आल्या!" भीमराजनं हाळी दिली. "कोन उचलतंय?"

सगळे नाचत होते. तारांना घासणार होते ते वरचे स्पीकर अमृतचे होते. त्यानं गॉगल खिशात घातला, कुंपणाला टेकवलेला कोरडा बांबू घेतला आणि ट्रकच्या पुढं चालत, दोन्ही हातांनी, दीपासाठी एकेक तार वर उचलू लागला.