लाल दोऱ्याच्या पुढची वीण

मला राग पटकन येतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो लोकरीत उतरतो, हे परवापर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

एका शाळेच्या बँडचे चाळीस स्वेटर विणायचे होते. काम लवकर उरकावं म्हणून दुकानवाल्या बाईंनी उजव्या बाह्या माझ्या जाऊबाईंना दिल्या, डाव्या मला. नमुन्याच्या दोन बाह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, तर दोन्हींची लांबी सारखी, ओळीही सारख्याच. पण घालून बघितल्यावर माझी बाही कुठे आवळत होती, कुठे फुगत होती.

"शनिवारपर्यंत दुसरी विणून आणा," बाई म्हणाल्या. "तीही अशीच निघाली, तर दोन्ही बाह्या जाऊबाईंकडे."

बारा वर्षं विणतेय मी! आणि जाऊबाई बाजूला उभ्या राहून गोड हसत होत्या. असं हसणं मला अजिबात सहन होत नाही.

बाईंनी ताडून बघायला दिलेल्या दोन्ही बाह्या घरी येऊन आपटल्या. आमची खारू, म्हणजे माझी लेक, सातवीत आहे. ती वही घेऊन बसली होती. दोन गटांची तुलना करा, असा गृहपाठ होता.

"आई, दोन्ही बाह्या दे ना. पुस्तकात नुसत्या क्रिकेटच्या धावा आहेत, कंटाळा आला."

"घे. निदान तुझ्या तरी उपयोगी पडू देत."

तिने बाहीवर पट्टी उभी धरली आणि दर पाच सेंटीमीटरात किती ओळी बसतात ते मोजत गेली. काकूच्या बाहीत पंधरा, चौदा, पंधरा, सोळा, पंधरा, पंधरा, चौदा, सोळा. माझ्या बाहीत अठरा, सतरा, बारा, तेरा, सतरा, अठरा, तेरा, बारा.

"दोघींची सरासरी पंधराच!" खारू ओरडली.

"मग? मी तेच म्हणतेय ना! मला उगाच नावं ठेवतात."

"अगं थांब की. काकूचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा यांत दोनचा फरक आहे, तुझ्यात सहाचा. काकू सरासरीला चिकटून आहे. तू एकदाही पंधरावर नाहीस. कधी वर, कधी खाली, म्हणून बेरीज जुळली."

मला इतकं झोंबलं की उठून भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती, तरी घासली.

मागून खारू म्हणाली, "आई, हा लाल दोरा कसला?"

"तू चारला येतेस ना, तेव्हा काम थांबवते. कुठवर आले ते कळावं म्हणून त्या ओळीला बांधते. रात्री सोडायचा राहिला असेल."

तिने दोऱ्यांच्या जागा वहीत टिपल्या. मग वही घेऊन माझ्याजवळ आली. बाहीला दोन दिवस लागले होते आणि दोन लाल दोरे होते. प्रत्येक दोऱ्याच्या आधी सतरा-अठरा, प्रत्येक दोऱ्यानंतर बारा-तेरा.

"मी नसते तेव्हा तू घट्ट विणतेस," खारू म्हणाली. "मी आले की सैल."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. सकाळी घर रिकामं असतं. नळ ठिबकत असतो, शेजारी भिंतीला भोकं पाडत असतात आणि मी एकटीच मनातल्या मनात सगळ्यांशी भांडत असते. चारला दार वाजतं आणि बडबड सुरू होते. मला भरून आलं, म्हणून मी तिच्यावरच खेकसले, "मग काय करू? शाळा सोडतेस का?"

"सुया बदल," ती शांतपणे म्हणाली. "जाड सुयांवर वीण सैल येते, तूच सांगतेस. सकाळी जाड घे, दोऱ्यानंतर बारीक."

माझा स्वभाव बदल, असं ती म्हणाली नाही. बाकी सगळे तेच म्हणतात.

शनिवारी बाईंनी बाही ताणून बघितली, घालून बघितली, उलटी करून बघितली. मग चाळीस बाह्यांची लोकर माझ्यापुढे सरकवली. जाऊबाईंनी विचारलं, काय केलंत म्हणून. म्हटलं, खारूला विचारा, तिचा गृहपाठ आहे.

आता माझ्या डब्यात सुयांच्या दोन जोड्या असतात. रविवारी मात्र जाड सुया बाहेरच काढत नाही. पोर दिवसभर घरात असते.