थरथर थांबली की पेला हलवा

टण्ण!

दचकलात? मीसुद्धा दचकलो. दर वेळी दचकतो. दचकून थरथरणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. मी नादकाटा बोलतोय. शाळेच्या प्रयोगशाळेत माझ्या भावंडांना तुम्ही रबरी ठोकळ्यावर आपटलं असेल, पाण्याला टेकवून तुषार उडवले असतील आणि बाईंची बोलणीही खाल्ली असतील. ती भावंडं गाणारी. मी जरा घोगऱ्या आवाजाचा, दोन्ही भुजांच्या टोकाला वजनं बांधलेला. माझा नाद कानांनी नाही, हाडांनी ऐकायचा असतो.

दूरच्या एका थंड देशात, कारखान्यात माझा जन्म झाला. एका चष्मेवाल्या कारागिराने मला घासूनपुसून गुडघ्यावर आपटलं आणि कानाशी धरलं. मी जीव मुठीत धरून थरथरत होतो. (मला मूठ नाही, पण तुम्ही समजून घ्या.) तो मान डोलावून म्हणाला, "बरोबर आहे हा." घाबरून थरथरल्याबद्दल शाबासकी मिळते, हे कळल्यावर मी जरा निर्धास्त झालो.

तिथून पेटीत बसून आलो तो थेट ओमानला. निझवा शहराच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव आहे, आणि खजुराच्या बागांना लागून आमचा दवाखाना. गावात घरटी कुणाला ना कुणाला मधुमेह. आता इथली कॉफी कडूच असते, तिच्यात साखरेचा कणही नसतो; पण तिच्याआधी खजूर, तिच्यानंतर हलवा, आणि हलव्याने तोंड गोड झालं म्हणून पुन्हा कॉफी, असं ते चाक फिरत राहतं.

माझी मालकीण डॉक्टर रय्या. नुकतीच शिकून आलेली. दार वाजलं की ही दचकणार, फोन वाजला की दचकणार, कुणी मागून "डॉक्टर" म्हटलं तरी दचकणार. आमची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. तिच्या हाती संशोधनाचं काम होतं: आमच्या भागातल्या मधुमेहाच्या रोग्यांच्या पायांचं पुढे काय होतं? तिच्या वरिष्ठ डॉक्टर सालिमा म्हणायच्या, "परदेशातल्या पायांवर ढीगभर लिहून झालंय गं. आपल्या लोकांच्या पायांचं कोण लिहिणार? त्यांच्या सवयी वेगळ्या, चालणं वेगळं, वहाणा वेगळ्या."

मधुमेह जुना झाला की पायांतल्या नसा हळूहळू झोपी जातात. मग काटा रुतला, चटका बसला, तरी माणसाला पत्ता नसतो. जखम आतल्या आत चिघळते आणि एखाद्याचा पाय कापावा लागतो. गावातल्या सुलैमानचा असाच गेला. हे आधी ओळखायचं तर माझी गरज लागते. रय्या मला तळहातावर आपटायची, माझी दांडी रोग्याच्या पायाच्या अंगठ्यावर, हाडाला टेकवायची आणि विचारायची, "थरथर कळतेय का? थांबली की सांगा."

सगळ्यांना कळायची. ज्याला विचारावं त्याला कळायची!

"कळतेय की! छान कळतेय! अल्लाह तुझे हात सुखरूप ठेवो, पोरी!"

रय्या हरखून टिपून घ्यायची. डॉक्टर सालिमा कागद बघून भुवया उंचवायच्या. "आपल्या लोकांचे पाय पोलादाचे आहेत की काय?" रय्याला तो विनोद वाटायचा. मस्कतच्या परिषदेत ही आनंदाची बातमी कशी वाचून दाखवायची, याची ती आरशासमोर तालीमसुद्धा करू लागली होती.

मला मात्र खरं काय ते ठाऊक होतं. जागत्या हाडाला मी टेकलो की आतून कुणीतरी ओ देतं. पण कितीतरी पायांवर मला कुलूप लावलेल्या घराचं दार ठोठावल्यासारखं वाटायचं. आत कुणीच नाही. आणि त्यात सगळ्यात शांत घर होतं अबू नासिरचं.

अबू नासिर म्हणजे खलफान. पण थोरल्या मुलाच्या नावाने सगळं गाव त्यांना नासिरचा बाप म्हणूनच हाक मारतं. सडसडीत म्हातारा, डोक्यावर नक्षीची टोपी, अंगात पांढराशुभ्र झगा. या वयातही कमरेला दोर बांधून खजुराच्या झाडावर चढतात, आणि तेही अनवाणी. खजूर उतरवायचे दिवस जवळ आले होते. त्या खरखरीत, काटेरी झाडांवर हे झोपलेले पाय चढणार, आणि ते झोपलेत हे जगात फक्त मला माहीत! ओरडावं म्हटलं, तर मला एकच सूर येतो.

त्या दिवशी ते पुन्हा तपासणीला आले. सोबत त्यांची बायको उम्म नासिर, म्हणजे नासिरची आई, होतीच. नवऱ्याला ती एकटं कुठे पाठवत नाही, कारण मग टोमणे कुणाला मारणार? अबू नासिर खाटेवर पाय पसरून, मान दुसरीकडे वळवून बसले. रय्याने मला उचललं, आता आपटणार, तेवढ्यात बाहेर कुणाच्या तरी हातून भांड्यांचा ट्रे पडला. धडाड! रय्या केवढ्याने दचकली! त्या गडबडीत मला आपटायचं राहूनच गेलं आणि तिने मला तसंच अंगठ्यावर टेकवलं. मी दगडासारखा गप्प.

"कळतेय का?"

"उत्तम!" अबू नासिर म्हणाले. "मागच्या वेळेपेक्षा जास्तच!"

रय्याने माझ्याकडे बघितलं. मग बोट लावून बघितलं. तिचा चेहरा उतरला. तिने मला मुद्दाम, न आपटताच, दुसऱ्या अंगठ्यावर टेकवलं.

"आणि आता?"

"आता तर विचारूच नकोस!"

उम्म नासिरला राहवेना. "तिने पायावर उंट आणून बसवला असता तरी तुम्ही उत्तमच म्हणाला असता!"

"मग काय म्हणू?" अबू नासिर लाजून लाल झाले. "एवढी शिकलेली पोर, खाली वाकून बसलीय. माझे तळवे तिच्या तोंडासमोर. आयुष्यात कुणाला तळवा दाखवायचा उद्धटपणा केला नाही मी. लाजेने अर्धा मेलोय, आणि वर तिला नाही म्हणून हिरमुसवू?"

त्यांनी घाईघाईने पाय झग्याखाली ओढून घेतले, सगळ्यांना दुवा दिली आणि निघून गेले.

रय्या मला मुठीत घट्ट धरून डॉक्टर सालिमांच्या खोलीत गेली. आम्ही दोघंही थरथरत होतो. "बाई, सगळं वाया गेलं. कुणीच खरं सांगितलेलं नाही. सगळे माझं मन राखत होते." आता बोलणी बसणार म्हणून मी भुजा आवळल्या. पण डॉक्टर सालिमा हसायलाच लागल्या.

"अगं, मी पण इथलीच ना! माझ्या आईला सुई टोचताना विचारलं, दुखतंय का, तर म्हणायची, दुखतं कसलं, अजून एक दे. कागद बाजूला ठेव. परिषद पुढच्या वर्षीही असते. आधी या माणसांकडून 'नाही' कसं वदवायचं ते शोध."

रय्याने शोधायचा प्रयत्न केला. "अगदी खरं सांगा हं," अशी विनवणी करून पाहिली. लोक छातीवर हात ठेवून म्हणायचे, "अगदी खरं सांगतो, छान कळतेय!"

इकडे खजूर पिकत होते. शेवटी एका दुपारी रय्या मला पिशवीत टाकून अबू नासिरच्या घरी निघाली. निदान यंदा झाडावर चढू नका, एवढंच सांगायचं होतं. पण त्या घरात आधी पाहुणचार आणि मग बोलणं. उम्म नासिरने खजुराचं ताट पुढे सरकवलं आणि वेलदोड्याची कॉफी त्या बिनकानाच्या चिमुकल्या पेल्यात ओतली. रय्या प्यायली. उम्म नासिरने पुन्हा ओतली. रय्याच्या डोक्यात पायांचा घोळ. ती नुसती म्हणतेय, "पुरे हं, खरंच पुरे," आणि पेला आपला भरतोय.

"पोरी," अबू नासिर हसत म्हणाले, "आज घरची रीत विसरून आलीस का? तोंडाने पुरे म्हटलेलं कुणी ऐकतं का? पाहुणा उपाशी असला तरी पुरेच म्हणतो. पेला हलव!"

आमच्याकडे हे तान्ह्या पोरालाही कळतं. पुरे झालं की रिकामा पेला मनगटातून जरासा हलवायचा. मग यजमान थांबतो. कुणाला वाईट वाटत नाही, कुणाचा मान जात नाही.

रय्याने पेला हलवला. आणि हलवता हलवता थबकली. या वेळी ती स्वतःच्याच विचाराने दचकली होती.

"अबू नासिर, पेल्याशी कधी खोटं बोललात?"

"पेल्याशी?" म्हातारा चक्रावला. "पेल्याशी कोण खोटं बोलेल? मग आयुष्यभर कॉफीच पीत बसावं लागेल!"

रय्याने मला पिशवीतून बाहेर काढलं. रिकामा पेला त्यांच्या हातात दिला. "डोळे मिटा. तोंडाने काही बोलायचं नाही. हा थरथरतोय तोवर पेला स्थिर. थरथर संपली की हलवा. बास."

तिने आधी मला त्यांच्या मनगटाच्या हाडावर टेकवलं. मी गुणगुणत राहिलो, मंद होत गेलो, आणि माझा शेवटचा श्वास संपता संपता पेला अलगद हलला. शाब्बास! मग तिने मला पुन्हा आपटलं, चांगलं जोरात, आणि अंगठ्यावर टेकवलं. मी जिवाच्या आकांताने थरथरत होतो. आणि पेला लगेच हलला.

दुसरा पाय. पेला लगेच हलला.

उम्म नासिरच्या हातातली कॉफीची किटली तशीच अधांतरी राहिली. अबू नासिरनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं. मग बोट पुढे करून मला हळूच स्पर्श केला.

"हा अजून चालू आहे?"

"हो," रय्या म्हणाली.

"आणि मी पेला हलवला."

मग त्या म्हाताऱ्याने, ज्याने जन्मात कुणाला तळवा दाखवला नव्हता, आपला पाय उचलून रय्यासमोर उताणा धरला. "बघ पोरी. सगळं बघ."

टाचेजवळ खजुराचा काळा काटा रुतून बसला होता. भोवती लाली चढली होती, आत पू धरायला लागला होता.

"हा कधी लागला?" रय्याने विचारलं.

"काय कधी लागलं?" अबू नासिर म्हणाले.

हे ऐकून उम्म नासिर रडायला लागली, आणि रडता रडता तिने नवऱ्याला इतकं फैलावर घेतलं की मला ऐकतानाच कंप सुटला. काटा निघाला, औषधं झाली, आणि पाय वाचला. अजून थोडे दिवस गेले असते तर काय झालं असतं ते डॉक्टर सालिमांनी मोठ्याने सांगितलं नाही. नुसतं सुलैमानच्या घराकडे पाहिलं.

त्या वर्षी खजूर मुलांनी उतरवले. अबू नासिर जाड बूट घालून खाली उभे होते आणि एवढ्या सूचना देत होते, की नासिर वरून ओरडला, "बाबा, त्यापेक्षा तुम्हीच चढा!" तर उम्म नासिरने खालून त्याला खजूर फेकून मारला.

दवाखान्यात संशोधन पहिल्यापासून सुरू झालं. खाटेशेजारी धुतलेल्या पेल्यांची रांग लागली. "रिकामा पेला हातात देतात, हा कसला पाहुणचार!" म्हणून लोक कुरकुरले, तेव्हा डॉक्टर सालिमांनी फर्मान काढलं: तपासणी झाली की खरी कॉफी मिळेल, हलवा मिळणार नाही. पुष्कळ पेले लगेच हलले. कागदावरचे पाय पोलादाचे राहिले नाहीत, पण खऱ्याखुऱ्या पायांना बूट मिळाले, मलम मिळालं, रोज संध्याकाळी तळवे बघणारं कुणीतरी मिळालं. मस्कतला रय्याने हे सगळं वाचून दाखवलं. टाळ्या वाजल्या तेव्हा ती दचकली. मी खिशात होतो, म्हणून मला कळलं.

आता दवाखान्यात पाय तपासून आकडे दाखवणारं नवं यंत्र आलंय. मी रय्याच्या टेबलाच्या कप्प्यात, त्याच चिमुकल्या पेल्यात उभा असतो. आठवड्याचे आठवडे कुणी आपटत नाही. सुरुवातीला सुख वाटलं. मग खरं सांगायचं तर करमेना. पण अबू नासिर आले की त्या यंत्राकडे बघतसुद्धा नाहीत. "ते मला ओळखत नाही. माझा काटा काढ!" म्हणतात. मग मी बाहेर येतो. टण्ण! परवाच येऊन गेले. पायाला सगळी बोटं शाबूत. मी अंगठ्यावर टेकलो आणि रय्याने पेला द्यायला हात पुढे केला, तर म्हातारा म्हणाला, "पेला राहू दे, पोरी. नाही कळत. काहीच कळत नाही."

"ऐकलंत?" उम्म नासिर ओढणीआडून म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा यांच्या तोंडून नाही ऐकलं!"

तिघंही हसायला लागली आणि मी त्या बधिर अंगठ्यावर आनंदाने थरथरत राहिलो.

रय्या कप्पा लावतेय, तेव्हा एवढंच सांगून निरोप घेतो. कधी कुणी मला तुमच्या अंगठ्यावर टेकवून विचारलं, "कळतंय का?", तर माझं मन राखू नका. कळत नसेल तर खुशाल नाही म्हणा. मला वाईट वाटेल याची काळजी नको. मी तर आधीच थरथरतोय. आणखी काय थरथरणार?