नॉर्मलचा कागद

“फुंका… अजून… सोडू नका, अजून!”

हनुमंतने डोळे मिटून छातीतला सगळा वारा यंत्राच्या नळीत सोडला. मागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, रतनबाईने, नकळत स्वतःचाच श्वास रोखून धरला होता.

वेल्ह्याच्या शिबिरातल्या डॉक्टर शेफालींनी कागद दोनदा पाहिला. “आज श्वास नॉर्मल आलाय,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही सांगताय त्यावरून मला दम्याचाच संशय आहे. दम्यात असं होतं, एखाद्या दिवशी काहीच सापडत नाही. तोंडाने ओढायचा तुमचा तो पंप रोज चालूच ठेवा. त्रास वाढला की लगेच या.”

हनुमंतने मान हलवली, पण बाहेर पडला तो त्यातला एकच शब्द घेऊन.

विंझरला रस्त्याकडेला त्याची पिठाची गिरणी होती. बावीस वर्षं तो तिथे उभा होता, भुवयांपासून पायांपर्यंत पांढरा. गेली सहा वर्षं दळताना त्याच्या छातीत शिट्टी वाजायची. मग तो पोत्यावर टेकायचा आणि गिऱ्हाइकासमोर मशिनीचा पट्टा बघितल्यासारखं करायचा.

घरी थोरला भाऊ चिमाजी वाट बघतच होता. “स्नेहल, वाच गं. काय लिवलंय?”

“नॉर्मल,” हनुमंतची पोर म्हणाली. “पण काका, खाली दम्याचा संशय...”

“ऱ्हाऊंदे खालचं. किकवीची मान्सं रविवारी तुला बगाया येत्यात. पोरीच्या बापाला दमा हाय, असं कुनीतरी त्यांच्या कानावर घातलंय. दमा घरान्यात उतरतो म्हनत्यात. आता ह्यो कागदच दावू त्यास्नी.”

“पन डॉक्टरीनबाई म्हनल्या, पंप...” रतनबाई पुटपुटली.

“अगं, नॉर्मल हाय मी,” हनुमंत हसला. “पंपाची निस्ती सवय लागली व्हती.” इतका हलका झालेला त्याचा चेहरा तिने कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. तिने पंप फडताळात ठेवून दिला. त्या दिवसापासून त्याने पंप घेतला नाही.

रविवारी पाहुणे आले. कागद हातोहात फिरला. मुलाच्या वडिलांनी चष्मा लावून तो वाचला आणि समाधानाने घडी घालून परत दिला. आतून पोह्यांच्या फोडणीचा धूर आला. रतनबाईने दारातून पाहिलं, तर हनुमंतचे खांदे वर ओढले जात होते. तिने पंप पदराखाली घेऊन त्याला खूण केली. त्याने मान हलवली. नको.

“गुरांस्नी... पानी दावून येतो,” म्हणत तो मागच्या दाराने गेला.

ती निघालीच होती, तेवढ्यात चिमाजीची हाक आली, “रतन, च्या आन की!”

तिने सात कपांत चहा गाळला. सातवा कप दिल्यावर ती धावली. हनुमंत दावणीला धरून बसला होता. ओठ निळे पडले होते. तिने पंप तोंडात धरून दाबला, पुन्हा दाबला. औषध आत ओढायला त्याच्यात वारा उरला नव्हता.

पाहुण्यांच्याच गाडीतून त्याला नसरापूरकडे नेलं. वाटेतच तो गेला. “हार्टचा झटका दिसतोय,” चिमाजी पुढच्या सीटवरच्या पाहुण्यांना सांगत होता.

दहावा झाल्यावर तिघं नोंदीसाठी ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवकाने विचारलं, “मृत्यूचं कारण?”

“हार्ट अटॅक,” चिमाजी म्हणाला. मग रतनबाईकडे वळून हळूच बोलला, “पावन्यांचा होकार आलाय. वर्साच्या आत लगीन उरकाया लागंल.”

रतनबाईने स्नेहलकडे पाहिलं. पोरीने नजर चुकवली नाही.

“दमा लिवा,” रतनबाई म्हणाली.

“रतन!”

“त्ये गोठ्यात तडफडत व्हते, दादा. आन् मी घरात च्या गाळीत व्हते. कशानं गेले त्ये मला ठावं हाय. किकवीकरांनी न्हाई म्हनलं, तर म्हनूंदे.”

चिमाजी उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. ग्रामसेवकाने पेनाचं टोपण काढलं. लिहून होईपर्यंत ती उभी राहिली.

परत आल्या तेव्हा बंद गिरणीच्या दारात दोन बाया ज्वारीचे डबे घेऊन ताटकळत होत्या. रतनबाईने कुलूप उघडलं आणि पदराने नाक-तोंड घट्ट बांधलं. स्नेहल डबा उचलायला पुढे झाली.

“तू आत येऊ नगंस,” रतनबाई म्हणाली. “पार तिकडं ऱ्हा, वाऱ्याला.”

पोर रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहीपर्यंत ती थांबली. मग तिने मोटारीचं बटण दाबलं.