बळवंताचं गाऱ्हाणं

घिवलीच्या गावदेवीचा गुरव नरहरी आयुष्यात एकदाच देवीपुढे अडखळला, तो बळवंताच्या नारळापाशी.

हा बळवंत वरच्या आळीतला. एकोणीसशे पासष्टच्या सुमारास तारापूरला वीजघराचं काम जोरात होतं. हजारो कामगार आले, पाण्याला भाव आला, तशी याने नरहरीच्या वाडीतली विहीर आपली ठरवली. पालघरच्या कोर्टात दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि जिंकला. देवीने काय केलं? काही नाही. नरहरीच्या पानवेली सुकल्या आणि बळवंताच्या ट्रकवरून पाण्याची पिंपं डुलत गेली. असल्या माणसाला साधा तापही येत नाही.

त्या मंगळवारी मात्र त्याची मुलगी मंगला बाळंतपणात अडली. दोन दिवस झाले, सुटका होईना. बळवंत नारळ घेऊन देवळाकडे निघालाय, हे कळताच नरहरीच्या बायकोने, साखरबाईने, त्याला बजावलं की त्याच्यासाठी तोंड उघडलंत तर उद्यापासून भाकरी स्वतः थापा. चाळीस वर्षांत ही धमकी शंभरदा दिली असेल. भाकरी रोज गरमच पडली. पण आज ती देवळाच्या खांबाला टेकून उभी होती आणि तिचे डोळे हसत नव्हते.

गुरवाने एकेक वाक्य बोलायचं आणि जमलेल्यांनी ‘हो आई’ म्हणायचं, अशी गाऱ्हाण्याची रीत. ‘हो आई’ पडल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही.

बळवंताने पुढे ठेवलेला नारळ नरहरीने उचलला. जिभेवर शाप तयार होता. त्याने तो गिळला, पण खरं गिळवेना.

“आई, या बळवंताने खोट्या साक्षीने माझी विहीर घेतली.”

बळवंताच्या धाकाने देऊळ गप्प. मागून एकटी साखरबाई म्हणाली, “हो आई.”

“तू त्याला काय केलं नायस. का, ते मी इचारीत नाय. न्याय तुझ्यापाशीच र्‍हाऊ दे. माझ्या हाती देऊ नको, मी चुकंन.”

साखरबाई रागानेच म्हणाली, “हो आई.”

“त्याच्या मंगलाला सोडव. पोरीने कुनाची विहीर घेतली नाय.”

आता सगळे साखरबाईकडे बघू लागले. नरहरी मागे वळला नाही. देवीवर भार टाकायला त्याला कधी जड गेलं नव्हतं. या बाईवर टाकताना आज जात होतं.

साखरबाई खांब सोडून पुढे आली आणि नवऱ्याला खेटून उभी राहिली.

“हो आई,” ती म्हणाली. मग बळवंताकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, “फोडा आता. पोरगी तिकडं कळा खाते हाय.”