बचित्तर सिंगाची चूक

दिगंबर हर्डीकरांनी डॅशबोर्डखालच्या एसीच्या डब्याला कान लावला आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. इंजिन चालू होतं, गार वारा येत होता आणि वाऱ्याबरोबर खट्, खट्, खट्. सकाळी दिल्लीच्या पाहुण्यांनी गाडीतून उतरताना "आपकी गाडी बीमार है क्या?" असं हसून विचारलं होतं. ते हर्डीकरांच्या जिव्हारी लागलं होतं. ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांचा कारभार त्यांच्याकडे, आणि एकोणऐंशी साली एसी असलेली सरकारी अँबॅसिडर चंदीगडात शोधावी लागे.

"कॉम्प्रेसर," ते उठत म्हणाले. "ब्रॅकेट ढीला है. फिटिंग ही कच्ची है."

एसी गेल्या सप्टेंबरात इंडस्ट्रियल एरियातल्या बचित्तर सिंगानं बसवला होता. तो समोरच उभा होता. त्यानं दाराशी गुडघे टेकले, बॅटरी लावली आणि जाळीतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"साब, इंजन बंद करके सिर्फ पंखा चलाइए."

"मुझे मत सिखाओ."

"फिर एक मिनट अलग से बात करनी थी, जी."

"जो कहना है, सबके सामने कहो."

बचित्तर सिंगानं भोवती जमलेल्या क्लार्क-ड्रायव्हरांकडे एकदा पाहिलं आणि बॅटरी विझवली.

"कुछ नहीं, जी."

नाकानं कांदे सोलायची सवय असलेल्या माणसाला समोरच्याचं गप्प बसणं ही कबुलीच वाटते. हर्डीकरांनी दुपारीच साहेबांना नोट पाठवली: काम निकृष्ट आहे, या वर्कशॉपचं नाव यादीतून काढावं. बचित्तर सिंगाचं वर्कशॉप सरकारी गाड्यांवरच चालतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

रविवारी त्यांनी गाडी तपासायला घरी आणली. बॉनेट उघडून ब्रॅकेट हलवून पाहिलं. ते तसूभरही हललं नाही. सगळे नट पुन्हा आवळून झाले, तरी खडखड होतीच. ऑफिसातला सगळा प्रकार नवऱ्याकडून ऐकलेल्या शशिकलाबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

"ते सरदारजी म्हणत होते तसं एकदा करून तरी बघा."

"त्याला काय कळतंय!"

"बघायला काय जातंय तुमचं?"

त्यांनी इंजिन बंद केलं आणि नुसता पंखा लावला. खट्, खट्, खट्. म्हणजे कॉम्प्रेसरचा काही संबंधच नव्हता. पहिल्या वर्षाच्या पोरानंही आधी हेच करून पाहिलं असतं. त्यांनी जाळीचे स्क्रू काढले, आत बोटं घातली, आणि तळहातावर तांदळाचे चार लालसर दाणे आणि एक सुपारी आली.

"अहो," शशिकलाबाई म्हणाल्या, "ही तर पूजेची सुपारी."

दसऱ्याला यंत्रांना हळदकुंकू वाहायची हौस ऑफिसात एकट्या हर्डीकरांना. ती रीत त्यांनी साताऱ्याहून आणली होती. नव्या एसीवर विडा त्यांनीच ठेवला होता, अक्षताही त्यांनीच टाकल्या होत्या. सुपारी घरंगळून जाळीतून आत गेली असणार. थंडीभर एसी कुणी लावला नाही, आणि एप्रिलात पहिल्यांदा लावला तेव्हा ती वाजायला लागली. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर कोण, तर आपण! त्यांना इतकी लाज वाटली, की बायकोच्या नजरेला नजर देववेना. चहा तसाच निवून गेला.

सोमवारी ते इंडस्ट्रियल एरियात गेले. बचित्तर सिंग एका जीपखालून बाहेर आला. हर्डीकरांनी सुपारी धरलेली मूठ उघडली.

"आपको मालूम था?"

"दिखी थी, जी."

"तो निकाली क्यों नहीं? बोले क्यों नहीं?"

"दिवाली के दूसरे दिन हम भी औजार पूजते हैं. पूजा की चीज को मैं कैसे हाथ लगाता? और वहाँ सबके सामने बोल देता, तो आपका क्या रह जाता?"

हे तो हात पुसता पुसता बोलला. आवाजात राग नव्हता. तो चिडला असता, चार शब्द बोलला असता, तर हर्डीकरांना सोपं गेलं असतं.

"मैं नोट वापस लेता हूँ," ते कसेबसे म्हणाले.

"साब को क्या बताओगे? कह देना, बचित्तर ने ठीक कर दिया. बात खत्म."

हर्डीकरांनी मान हलवली. त्यांना चक्क हायसं वाटलं. ऑफिसपर्यंतच्या वाटेवर ते वाक्य त्यांनी दोनदा मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं.

साहेब फाइलीत गढलेले होते.

"सर, गाडी की आवाज बंद हो गई. बचित्तर सिंग ने ठीक कर दी."

"देखा?" साहेबांनी वरसुद्धा न बघता त्यांची नोट शोधून काढली आणि पेनाचं टोपण उघडलं. "मतलब गलती उसी की थी. चलो, वॉर्निंग देकर इस बार माफ कर देते हैं."

"थँक्यू, सर."

ते वळले, दारापर्यंत गेले, दार अर्धं उघडलंही. बाहेर व्हरांड्यात त्या दिवशीचेच क्लार्क आणि ड्रायव्हर गप्पा मारत उभे होते. मागे कागदावर पेन कुरकुरत होतं.

हर्डीकरांनी दार आतून लावलं आणि ते टेबलापाशी परत आले.

"सर, वो मत लिखिए," ते म्हणाले. "दो मिनट बैठूँ?"