दस्तऐवजाचं बारसं

दुपारी अडीच वाजता लॅपटॉपच्या पडद्यातून बेसिकमावशी बाहेर आल्या आणि वल्लरीच्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या.

"दहा, नमस्कार. वीस, पाणी दे."

प्रत्येक वाक्याला आकडा लावायची त्यांची जुनी सवय. वल्लरीने पाणी दिलं. पाळण्यात रेवू गाढ झोपलेली. तिच्या अशाच डुलक्यांमधून वेळ चोरून वल्लरीने सहा महिने कोडचं एक दार लिहिलं होतं. कुणालाही वापरता येणाऱ्या एका दस्तऐवज-संपादक सॉफ्टवेअरमध्ये आजवर बेसिक या एकाच जुन्या संगणकभाषेचा, म्हणजे एकट्या मावशींचा वावर होता. आता या दारातून कुठलीही संगणकभाषा आत येऊन दस्तऐवजावर काम करू शकणार होती. चारच्या आत चाचणी पार पडली, तरच दार नव्या आवृत्तीत बसणार.

चाचणी म्हणजे बारसंच. दस्तऐवज दुपट्यात गुंडाळून हातोहात फिरवायचा. एकही अक्षर न सांडता तो वल्लरीच्या हातात परत यायला हवा.

दारातून पहिली भाषा, पायथन आली, भिंतीपासून चार बोटं मोजून बसली. जावास्क्रिप्ट बोलतच आली, "घेतला, घेतला!"

"अगं, अजून माझ्याच हाती आलाय कुठे?" मावशी आकडा लावायलाच विसरल्या.

वल्लरीला हसू आवरेना. तिने दुपटं मावशींच्या हाती दिलं. उबदार लागलं ते. मावशींनी तारखा भरल्या, पायथनने समास सारखे केले, जावास्क्रिप्टने रंग चढवले. एक अक्षर सांडलं नाही. एवढ्यात दारातून चौथी डोकावली.

"इथे कुणालाही बसता येतं म्हणे?"

"या ना, या!"

पाचवी आली, सहावी आली. प्रत्येकीसाठी हॉल एका पाटाएवढा लांबत गेला. भिंतीवरचं घड्याळ बटणाएवढं दिसू लागलं. त्यात साडेतीन झाले होते.

"मावशी, दुपटं कुठवर आलं हो?"

"चाळीस, हिरव्या साडीपर्यंत. पन्नास, ती कोण, मला ठाऊक नाही. साठ, हात मात्र भारी हळुवार आहेत तिचे."

चाराला एक मिनिट उरलं. शेवटची बाई दुपटं घेऊन वल्लरीकडे वळली, तोच दोघींच्या मधे कुणीतरी वाकून विचारलं, "जागा आहे का?"

"आहे, आहे!" वल्लरीच बोलून गेली. आनंदानेच. ती बसली, तिच्यामागून आणखी कितीतरी जणी मधे बसत गेल्या.

रेवूचा पाळणा रिकामा झुलत होता. दूरवरच्या दुपट्यातून एक इवलं पाऊल बाहेर आलं आणि त्याने हवेला लाथ मारली. वल्लरीने हात पुढे केले. ते लांबत गेले, आणखी लांबत गेले, आणि मधे आणखी एक जण पदर सावरत बसली.